माझ्या नावावरच्या एकेचाळीस नोंदी

मी आयुष्यात एकही विडी ओढलेली नाही. सिगारेट नाही, तंबाखू नाही, गुटखा नाही. लग्नाकार्यात कुणी हातावर सुपारी ठेवली तर ती खिशात घालून घरी आणतो आणि भारतीच्या, म्हणजे बायकोच्या, हवाली करतो. हे एवढं स्पष्ट सांगायचं कारण असं की १९९७च्या एप्रिल महिन्यात सरकारी कॉम्प्युटरच्या मते नगरमधल्या चार कार्यालयांत मिळून सर्वांत जास्त धूम्रपान करणारा कर्मचारी मी होतो. माझ्या नावावर एकेचाळीस नोंदी होत्या. दुसऱ्या क्रमांकावरच्या माणसाच्या नावावर अकरा, आणि तो बिचारा माळकरी होता.

ती यादी करायची कल्पना माझीच होती. लोक हे मला मुद्दाम आठवण करून देतात, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आमच्या आवारात चार सरकारी कार्यालयं आहेत. त्यांची नावं घेत नाही, कारण चारही ठिकाणची माणसं अजून नोकरीत आहेत. मध्ये एक लिंबाचं झाड, भोवती चार व्हरांडे. वर्षाच्या सुरुवातीला वरून परिपत्रक आलं की सरकारी कार्यालयात धूम्रपान आणि तंबाखूसेवन बंद. प्रत्येक कार्यालयानं नोंदवही ठेवावी आणि नियम मोडणाऱ्याचं नाव लिहावं. आमचे अधीक्षक निमसे साहेब यांनी ते परिपत्रक मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि ऐकता ऐकता हातातली सिगारेट बशीत विझवली. अशा कामासाठी निर्व्यसनी माणूस हवा, म्हणून नोंदवही माझ्याकडे आली. मी वरिष्ठ लिपिक. त्या जूनमध्ये हेडक्लार्कच्या बढतीला माझं नाव पहिलं होतं.

तीन आठवडे नोंदवही कोरी राहिली. आवारात धूर मात्र पूर्वीइतकाच. मी बारकाईनं पाहिलं तेव्हा कळलं की आमची माणसं शेजारच्या व्हरांड्यात जाऊन ओढतात आणि शेजारची आमच्या जिन्यात येऊन. आम्ही त्यांना हटकलं की ते म्हणायचे, आम्ही तुमच्या कार्यालयाचे नाही. त्यांच्या साहेबांनी आमच्या माणसांना हटकलं की आमची माणसं तेच म्हणायची. चार कार्यालयं, चार नोंदवह्या, आणि चारही कोऱ्या. माणूस दहा पावलं चालला की कायद्यातून सुटत होता.

यावर मी चार पानी प्रस्ताव लिहिला. चारही कार्यालयांची एकच सामायिक यादी असावी. कुणी, कुठेही, कुणालाही ओढताना पाहिलं तर छापील फॉर्म भरावा. सगळे फॉर्म कॉम्प्युटर कक्षात जावेत आणि दर सोमवारी एकत्र केलेली यादी फ्लॉपीवर चारही कार्यालयांना मिळावी. तीन नोंदी झाल्या तर मेमो. दहा झाल्या तर बढती रोखावी. हे दहाचं कलम निमसे साहेबांना फार कडक वाटलं होतं. मी हट्टानं ठेवायला लावलं. दहा नोंदी होईपर्यंत जो सुधारत नाही त्याला बढती कशाला, हे वाक्य माझ्या अक्षरात अजून फाइलला आहे.

मी भिंगारला राहतो. आमचे शेजारी छगनराव लष्कराच्या डेपोत तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. फॉर्मचा नमुना मी त्यांना कौतुकानं दाखवला. पहिल्या रकान्यात नोंद करणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात नियम मोडणाऱ्याचं. त्यांनी चष्मा वर-खाली करून तो तपासला आणि सांगितलं की तक्रारीच्या कागदावर आपलं नाव कधी घालू नये, बुटाच्या नाड्यांची तक्रारसुद्धा डेपोत निनावी होत असे. मी त्यांना तत्त्व समजावलं. आरोप करायचा तर माणसानं स्वतःच्या नावानं, सहीनिशी करावा. छगनराव म्हणाले, "बघा बुवा," आणि चहाचा कप खाली ठेवला.

फेब्रुवारी आणि मार्चमध्ये मी एकेचाळीस फॉर्म भरले. जेवणाच्या सुट्टीत इतर लोक डबा खायचे तेव्हा मी लिंबाखाली वही घेऊन उभा असे. माझी पोळी रोज गार झाली. लोक मला धूर इन्स्पेक्टर म्हणू लागले. मी मनावर घेतलं नाही. कर्तव्य करणाऱ्याला नावं ठेवतात हे मला ठाऊक होतं. कॉम्प्युटर ते नाव अधिकृत करून टाकील, हे ठाऊक नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी कॉम्प्युटरची पहिली यादी आली. निमसे साहेबांनी मला आत बोलावलं, कागद माझ्यापुढे सरकवला आणि दुःखी चेहऱ्यानं खिडकीबाहेर पाहत राहिले. सर्वांत वर, इंग्रजी अक्षरांत, भिंगारदिवे एम. आर. त्यापुढे एकेचाळीस.

मी तसाच कॉम्प्युटर कक्षात गेलो. तिथे आवारातलं एकमेव एअर कंडिशनर होतं आणि चपला बाहेर काढाव्या लागत. ऑपरेटर अश्विनी गाडळकर मॅडम शांत स्वभावाच्या. त्यांनी माझा फॉर्म समोर धरला.

"प्रोग्रॅमला एकच नाव लागतं, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "मी पहिल्या रकान्यातलं घेतलं."

"पहिलं नाव तक्रार करणाऱ्याचं आहे, मॅडम. ओढणाऱ्याचं नाव दुसरं."

"दुसऱ्याला जागाच नाही."

चौकशीअंती कळलं की हा प्रोग्रॅम मूळचा जनावरांच्या लसीकरणासाठी केलेला होता. एक मालक, पुढे लशींची संख्या. वरून घाई झाली म्हणून तोच आमच्यासाठी वापरला. म्हणजे आवारात ज्यांनी खरोखर धूर काढला त्यांना कॉम्प्युटरात जागा नव्हती, आणि ज्यानं उपाशीपोटी उभं राहून त्यांची नावं लिहिली तो एकेचाळीस वेळा टोचलेल्या गुरांच्या रकान्यात बसला होता. अकरा नोंदींचे माळकरी गृहस्थही तसेच. त्यांनी अकरा फॉर्म भरले होते. मॅडमना वाईट वाटलं. पण यादी चौघांच्या मालकीची, त्यामुळे दुरुस्तीला चारही कार्यालयप्रमुखांचं पत्र हवं, असं त्या म्हणाल्या.

ती चार पत्रं मिळवायला मला बारा दिवस लागले. एका प्रमुखांनी विचारलं की ओढत नसाल तर इतक्या वेळा ओढण्याच्या जागी काय करत होता. त्या प्रश्नाचं उत्तर मी लेखी दिलं.

याच बारा दिवसांत चौदा एप्रिल आला. दर वर्षी जयंतीला आमच्या विहारात व्यसनमुक्तीवर माझं भाषण असतं. सलग नऊ वर्षं मी ते केलं आहे. यंदा समितीचे लोक घरी आले, पाणी प्याले, हवेबद्दल बोलले आणि मग म्हणाले की या वर्षी नवीन माणसाला संधी द्यावी असं ठरतंय, तुम्ही खुर्च्यांचं बघा. मी खुर्च्यांचं बघितलं. दोनशे खुर्च्या मांडल्या आणि माझ्या विषयावरचं दुसऱ्याचं भाषण शेवटच्या रांगेत बसून ऐकलं. त्यात पंचशीलातलं पाचवं शील त्यानं चौथं म्हणून सांगितलं. मी उभा राहून दुरुस्त करणार होतो, पण पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी बसून राहिलो.

त्या दिवशी घरी आल्यावर भारतीनं जेवण वाढलं. ती शाळेत शिक्षिका आहे, प्रश्न सरळ विचारते. "अहो, रागावू नका, पण कधीच नाही? कॉलेजातसुद्धा?"

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. मी ताटावरून उठलो नाही, कारण भरीत आवडीचं होतं.

चार पत्रं पोहोचली. मॅडमनी माझं नाव काढलं, दुरुस्त यादी फ्लॉपीवर घेतली आणि आमच्या कार्यालयाचा शिपाई आसाराम पालवे याच्याकडे दिली. आसाराम पाथर्डीकडचा, मनानं निर्मळ. त्यानं ती फ्लॉपी जपून ठेवायची म्हणून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. त्याच खिशात त्याची तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती, आणि डबीचं झाकण सैल होतं. चारही कार्यालयं फिरून होईपर्यंत फ्लॉपीच्या पत्र्यात चुना गेला. एकाही मशीननं ती वाचली नाही.

"मी तर खिशाबाहेर काडली बी न्हाई साहेब," आसाराम म्हणाला. "लई संभाळली."

मग नियमाप्रमाणे इतर दोन कार्यालयांकडच्या जुन्या प्रती परत भरल्या गेल्या. आमच्या यादीतून माझं नाव काढलेलं असल्यामुळे मशीनला मी नवीन माणूस वाटलो आणि जुन्या नोंदी दोनदा चढल्या. सोमवारी यादी आली तेव्हा माझ्या नावापुढे ब्याऐंशी होते. मी मॅडमकडे धावलो. त्यांनी सगळं काम बाजूला ठेवून दुपारपर्यंत हातानं नोंदी खोडल्या आणि मला परत एकेचाळीसवर आणलं; त्याखाली उतरायला चार नवी पत्रं लागणार होती. मी त्यांचे आभार मानले. घरी येताना रस्त्यात लक्षात आलं की आपण कशाबद्दल आभार मानले.

या बातमीला आता आवाराबाहेर पाय फुटले होते. फाटकाशी गोजरबाईंची पानाची टपरी आहे. पंधरा वर्षं मी तिच्यासमोरून सायकलनं जातो आणि मान हलवून नमस्कार करतो. त्या आठवड्यात तिनं मला थांबवलं. चेहरा पडलेला.

"भाऊसाहेब, माझं काय चुकलं सांगा. येवढी वढता, अन् आजपत्तुर एक बंडल माझ्याकडनं नेलं न्हाई. मी काय वला माल ठिवते का?"

मी तिला खरं काय ते सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, व्हय व्हय, कुणाला सांगनार न्हाई.

मे महिन्यात बढतीच्या फाइलवर शेरा पडला: नोंदी दहापेक्षा जास्त, बढती स्थगित. माझ्याच वाक्याचा आधार दिला होता. छगनराव म्हणाले, कागदाला कागदानंच उत्तर द्यायचं असतं. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. मी दवाखान्यात तीन तास रांगेत बसलो. डॉक्टर तरुण होते आणि थकलेले होते. ते म्हणाले की माणसाला काय झालंय ते मी लिहून देऊ शकतो, माणसानं आयुष्यात काय केलं नाही ते कसं लिहू? मी फार गळ घातल्यावर त्यांनी छाती तपासली आणि लिहून दिलं की सध्या छाती स्वच्छ आहे.

निमसे साहेबांनी ते सर्टिफिकेट दोनदा वाचलं. 'सध्या' या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलनं रेघ मारली आणि त्यांचा चेहरा उजळला.

प्रकार असा होता. यादीत माणसांचे तीनच प्रकार होते: ओढणारे, खाणारे आणि सोडलेले. कधीच न ओढलेल्या माणसाचा प्रकार नव्हता, कारण अशा माणसाचं नाव त्या यादीत येईलच कशाला? साहेबांनी मला दारं बंद करून समजावलं. तुम्ही ओढणाऱ्यांतून सोडलेल्यांत गेलात की स्थगिती आपोआप उठते. एकेचाळीसवरून शून्य ही जिल्ह्यातली सर्वांत मोठी घट ठरेल. एकतीस मेला तंबाखूविरोधी दिन आहे, नाशिकहून उपसंचालक येणार आहेत, आपल्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. तुमचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र, आणि जूनमध्ये हेडक्लार्क.

मी म्हणालो, "साहेब, जे धरलं नाही ते सोडू कसं?"

"भिंगारदिवे, तुम्हाला बढती हवी की इतिहास हवा?"

मी दोन दिवस विचार केला. घराचं रंगकाम, भारतीचा चेहरा, पंधरा वर्षांची नोकरी. तिसऱ्या दिवशी मी हो म्हणालो. ते मी झाकून ठेवणार नाही. मी हो म्हणालो, आणि त्या दिवसापासून मला अन्न गोड लागलं नाही.

छगनरावांनी मात्र आपल्या परीनं एक उपकार केला. माझी आई सुमनबाई देवळाली प्रवऱ्याला राहते. छगनरावांचा भाचा तिकडे साखर कारखान्यात आहे. त्याच्याकरवी त्यांनी निरोप पाठवला की महेंद्रचा नाशिकच्या साहेबांच्या हस्ते सत्कार आहे, या. कशाबद्दल, ते निरोपात नव्हतं. एकतीस मेला सकाळी आई एसटीनं आली, नवं पांढरं लुगडं नेसून, आणि हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसली. मी तिला पाहिलं तेव्हा माझं नाव पुकारलं गेलं होतं.

निमसे साहेबांनी माझी ओळख करून दिली. या माणसानं कसं रोजच्या रोज, कधी लिंबाखाली, कधी जिन्यात, स्वतःच्या शरीराची हानी केली आणि आता कसा निर्धारानं त्यातून बाहेर आला, हे ते भरल्या आवाजात बोलले. त्यांच्या बोटांना सिगारेटचा वास येत होता. मागच्या रांगेत गोजरबाई पदरानं डोळे पुसत होती. माझ्या खांद्यावर शाल पडली. मे महिन्यात, पत्र्याच्या हॉलमध्ये, दुपारी साडेबाराला. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

आईचा चेहरा समोर होता. तिला काय कळत होतं आणि काय नाही, ते मला समजेना. मी माइक धरला आणि म्हणालो, "मी विडी सोडलेली नाही."

पुढचं वाक्य माझ्या मनात तयार होतं. पण पहिल्या वाक्यानंतर हॉलमध्ये असा काही गलका झाला की ते कुणाला ऐकूच गेलं नाही. निमसे साहेबांनी कपाळाला हात लावला. कुणी तरी मागून म्हणालं, खरं बोलला बिचारा. उपसंचालकांनी सभ्यपणे प्रमाणपत्र परत टेबलावर ठेवलं.

तेव्हा आई उठली. ती कधी सभेत बोललेली नाही. तिला माइक द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही आणि तिला त्याची गरजही पडली नाही.

"साहेब, ह्यो माझा लेक हाय. ह्याचा बाप रंभाजी, कारखान्यावर मोळ्या उचलायचा. त्यानं लई इड्या वढल्या. खोकून खोकून गेला, तवा म्हेंद्र आठवीत हुता. बापाच्या उशाखालचं बंडल ह्यानं चुलीत घातलं, अन् त्या दिसापासनं ह्याच्या हातात इडी मी पाहिली न्हाई. तुमच्या मशीनला म्या वळखत न्हाई. लेकाला वळखते."

बंडलाचं तिला माहीत आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी ते कुणालाच सांगितलेलं नाही, भारतीलाही नाही.

मग आईनं कमरेची डबी काढून उपसंचालकांपुढे धरली. "तंबाखूचंच नाव लिवायचं आसंल तर माझं लिवा. मी मिश्री लावते. चाळीस वर्सं झाली. खोटं कशाला बोलू?"

उपसंचालक हसले. ते उठून आईपर्यंत आले, तिला नमस्कार केला आणि अश्विनी मॅडमना म्हणाले, "आजींची नोंद घ्या." ते गमतीनं म्हणाले असावेत, पण नाशिकच्या साहेबांची गंमत आमच्याकडे आदेश असते. मॅडमनी लगेच लिहून घेतलं. त्यानंतर उपसंचालकांनी माझ्याकडे वळून सगळी हकिकत विचारली. मी शाल काढून टेबलावर ठेवली आणि पहिल्यापासून सांगितली: फॉर्म, रकाने, लसीकरण, चुना, ब्याऐंशी. ते म्हणाले, सगळे मूळ फॉर्म काढा आणि दुसऱ्या रकान्यावरून यादी नव्यानं करा.

मॅडमना ते काम तीन आठवडे पुरलं. जूनच्या शेवटी खरी यादी आली. माझं नाव नव्हतं. माळकरी गृहस्थांचं नव्हतं. आसारामच्या नावावर सात होत्या. सर्वांत वर, एकोणीस नोंदींसह, निमसे साहेब होते. त्यांच्याखाली उरलेल्या तीन कार्यालयांचे प्रमुख, एकामागोमाग एक. यादी सोमवारी आली. मंगळवारी चौघांची तातडीची बैठक झाली आणि बुधवारी आदेश निघाला की सामायिक यादीचा प्रयोग यशस्वी झाला असल्यानं तो पुढील सूचनेपर्यंत थांबवण्यात येत आहे. फ्लॉप्या कपाटात गेल्या. किल्ली निमसे साहेबांकडे.

माझी बढती सप्टेंबरात झाली. हेडक्लार्क, मुक्काम तिसगाव. भिंगारहून रोज एसटीनं जायचं आणि यायचं. बदली प्रशासकीय सोयीसाठी आहे असं आदेशात लिहिलं होतं. कुणाची सोय, ते नव्हतं लिहिलं. मी त्याविरुद्ध अर्ज केला आहे.

रुजू होण्याआधी पेढे घेऊन देवळालीला गेलो. आईनं पेढा खाल्ला, बदलीचं ऐकलं, निमसे साहेबांबद्दल एक शब्द बोलली जो मी इथे लिहीत नाही. मग मी तिला सांगितलं की तुझं नाव अजून सरकारी यादीत आहे. शेवटच्या ओळीत, पूर्ण नावानिशी, एक नोंद, मिश्री. नोंद करणारी तू, नियम मोडणारी तू. चार कार्यालयांच्या त्या यादीत स्वतःहून कबूल झालेलं माणूस एकच, आणि ते सरकारी नोकरीत नाही. म्हणालो, अर्ज करून काढून टाकतो.

"आसू दे," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मधी त्यांचं नाव घातलंय का?"

यादीची प्रत माझ्या पिशवीत होती. ती काढून मी तिच्या मांडीवर पसरली. अक्षरं इंग्रजी होती, पण आईला मराठीही वाचता येत नाही. मी तिचं बोट धरलं आणि मधल्या शब्दावर ठेवलं: रंभाजी.